चौघींची खोली आणि एक वजनकाटा : एका सत्राच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

द्वितीय वर्षाच्या पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी ‘विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यातील शाश्वतता’ हा विषय घेतला आहे. विषय मंजूर करून घेण्यासाठी मी जी यादी नेली होती, तिच्यात बांबूचा टूथब्रश, स्टीलची बाटली, कापडी पिशव्या आणि सौरऊर्जेवर चालणारा चार्जर अशा सात-आठ वस्तू होत्या. मॅडमनी यादी वाचली, बाजूला ठेवली आणि एवढेच विचारले, “तुमच्या खोलीतून आठवड्याला किती किलो कचरा बाहेर जातो?” मला उत्तर देता आले नाही. मग पाणी किती लागते, वीज किती जळते, असे त्या विचारत गेल्या आणि प्रत्येक वेळी मी गप्प राहिले. यादीतल्या सगळ्या वस्तू विकत घ्यायच्या होत्या आणि त्यातली एकही मी आज काय वाया घालवते आहे हे सांगणारी नव्हती, हे खोलीवर परत येताना लक्षात आले.

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीत आम्ही चौघी कॉट बेसिसवर राहतो. एक खोली, एक छोटा ओटा, मोरी आणि समोर दोन बिऱ्हाडांना मिळून असलेली गॅलरी. सकाळचा चहा-नाश्ता आम्ही करतो, दुपारचे जेवण कॉलेजच्या कँटीनमध्ये होते आणि रात्री डबा येतो. पालख्यांचा मुक्काम असल्याने आज पेठांतले रस्ते माणसांनी भरले आहेत. सामान तोलायचा लटकता वजनकाटा आणायला संध्याकाळ झाली. या प्रकल्पासाठी विकत आणलेली पहिली वस्तू हीच. आजपासून सात दिवस कोणीही आपली सवय बदलायची नाही, फक्त तोलायचे आणि वहीत लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.

८ जुलै, सोमवार

पहिल्या आठवड्याचे वजन : ओला कचरा ५.९ किलो, सुका कचरा १.८ किलो, सॅनिटरी आणि विकला न जाणारा कचरा ०.६ किलो. एकूण ८.३ किलो.

प्लॅस्टिकचा ढीग मोठा दिसतो, म्हणून तोच आपला मुख्य दोष असेल असे मला वाटत होते. वजनात मात्र ओल्या कचऱ्याचे पारडे कितीतरी जड निघाले. तो निवडून पुन्हा तोलला तेव्हा भाज्यांची देठे आणि फळांच्या साली २.४ किलो, चहाचा चोथा ०.८ किलो आणि डब्यातले उरलेले अन्न २.७ किलो भरले. या शेवटच्या आकड्याने आम्ही चौघीही अस्वस्थ झालो. जवळजवळ सगळा भातच होता. चार डब्यांतला भात रोज थोडा थोडा उरतो, सकाळपर्यंत त्याला वास येतो आणि तो टाकला जातो. त्या भातामागे कोणाची तरी लावणी असते, शेतातले पाणी असते, गिरणी आणि गॅस असतो. आमच्या एका सोबतिणीचे घर मावळात आहे आणि तिच्याकडे भातशेतीच होते. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

१५ जुलै, सोमवार

डबेवाल्या काकूंशी बोलले. अर्धा डबा, म्हणजे पोळी-भाजी, वरण-भात नाही, असा त्या देतातच. आम्ही कधी विचारलेच नव्हते. आजपासून दोन पूर्ण आणि दोन अर्धे डबे येतील. चौघींचे मिळून महिन्याचे काही पैसेही वाचतील.

गेल्या बुधवारी, १० तारखेला, खताची बादली सुरू केली आहे. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घेतली, तिच्या बुडाला आणि बाजूंना तापवलेल्या सळईने भोके पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या आणि विरजण म्हणून आंबट ताक शिंपडले. साली आणि चोथा रोज त्यात जातो. बादली गॅलरीच्या कोपऱ्यात, दोन विटांवर आहे.

१९ जुलै, शुक्रवार

आज कचरा न्यायला येणाऱ्या मावशींशी पहिल्यांदा थांबून बोलले. गेले वर्षभर त्या रोज सकाळी आमच्या दाराशी येतात आणि मी त्यांना पिशवी देण्यापलीकडे काही केलेले नाही, हे लिहिताना मला लाज वाटते.

मावशी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली; तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करण्यासाठी घरटी ठरलेले शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातून जे विकले जाईल त्याचे पैसे वेचणाऱ्या व्यक्तीचे असतात. म्हणजे आम्ही पिशवी कशी भरतो यावर मावशींची रोजची कमाई थेट अवलंबून आहे. कागद भिजला की त्याचा भाव पडतो. उष्टे लागलेला पुठ्ठा कोणी घेत नाही. वेफर्सची पाकिटे प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा यांच्या चिकटलेल्या थरांची असतात. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाले ती उचलत नाहीत.

मग त्यांनी आमच्या पिशवीतून दुधाची रिकामी पिशवी काढून दाखवली. आम्ही तिचा कोपरा कात्रीने पूर्ण कापून टाकतो. “पोरी, कोपरा तोडू नको, नुसती चीर दे. हा बारका तुकडा गटारात जातो, आम्हाला कुठं सापडायचा?” त्यांच्या बोटांवर तो तिकोनी तुकडा होता, नखाएवढा. आमच्याकडे आठवड्याला चौदा पिशव्या येतात, म्हणजे वर्षाला असे सातशेहून अधिक तुकडे एका खोलीतून बाहेर पडतात. आज संध्याकाळपासून पिशवीला चीर द्यायची, ती विसळायची आणि मोरीतल्या दोरीवर वाळत घालायची, असे ठरले. विसळलेले पहिले पाणी चहाच्या आधणात जाते. ही युक्ती माझ्या आजीची आहे.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस कोसळला. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सोडल्याने सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत आणि आसपासच्या सोसायट्यांत पाणी शिरले असून तिथे राहणारी आमच्या वर्गातील एक मुलगी कुटुंबासह नातेवाइकांकडे गेली आहे. भिडे पूल पाण्याखाली आहे. कॉलेजला सुट्टी जाहीर झाली.

आमच्या पेठेत नदीचे पाणी आले नाही, परंतु पागोळीखाली ठेवलेली खताची बादली पाण्याने भरली. झाकण वाऱ्याने उडाले होते. पाणी ओतून काढले, मात्र आतला सगळा माल चिखलासारखा झाला आहे.

२८ जुलै, रविवार

बादलीला असह्य वास येतो आहे. घरमालक काकू आज वर आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, “हा वास आधी बंद करा, मग पर्यावरणाचं बघा.” त्यांचे म्हणणे योग्य आहे. शेजारच्यांच्या गॅलरीत माशा होतात आणि त्यांना त्रास देऊन मी कोणतेही पर्यावरण राखू शकत नाही. मी त्यांची माफी मागितली आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

चूक फक्त पावसाची नव्हती. मी बादलीत ओलेच घालत गेले होते, कोरडे काहीच नव्हते. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही लागतात आणि साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र हे प्रमाण त्यांना मानवते. भाजीपाल्यात नत्र आणि पाणी जास्त असते. कर्ब येतो तो वाळलेल्या पानांतून, भुशातून, कागदातून. पाण्याने पोकळ्या भरल्या की हवा आत जात नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. वास त्यांचा असतो आणि मिथेनही तेच सोडतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथल्या कचरा डेपोवर शहराचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला, तेव्हा त्या डोंगराच्या पोटात हेच घडत होते. त्याविरुद्ध तिथल्या ग्रामस्थांना वारंवार आंदोलने करावी लागली. वीस लिटरच्या बादलीचा वास आम्हाला चार दिवस सोसवला नाही. त्या गावांनी तो कित्येक वर्षे सोसला.

४ ऑगस्ट, रविवार

बादली रिकामी केली, घासली आणि नव्याने भरायला घेतली. कोरडा पालापाचोळा हवा होता, पण भर पावसाळ्यात पुण्यात कोरडे पान मिळणे कठीण. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच पान रस्त्याकडेला ढिगांनी पडलेले असते आणि अनेक ठिकाणी जाळले जाते. गल्लीच्या टोकाशी असलेल्या सुताराने पोतेभर भुसा फुकट दिला. भुशात कर्ब फारच जास्त असतो, म्हणून तो बेताने वापरावा लागतो. त्याच्या जोडीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून ठेवल्या आहेत. ओल्याच्या प्रत्येक थरावर कोरड्याचा थर, आणि दर तीन दिवसांनी तळापर्यंत हलवणे. ओलावा बरोबर आहे का हे पाहण्यासाठी मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांतून एखाद-दुसराच थेंब यायला हवा. बादली आता गॅलरीच्या आतल्या भिंतीशी, पागोळीपासून दूर आहे.

डब्याचा बदल चांगलाच उपयोगी ठरला आहे. गेल्या आठवड्यात उरलेले अन्न केवळ ०.७ किलो होते आणि एकूण ओला कचरा ३.९ किलोवर आला. खत करून कचरा जिरवण्यापेक्षा तो मुळात होऊच न देणे किती सोपे होते, हे दोन्ही आकडे शेजारी लिहिल्यावर स्पष्ट दिसते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे झाले ते मला सविस्तर लिहायचे आहे. सोमवारी आमच्या खोलीत काचेचा पेला फुटला होता. एकीने तुकडे गोळा करून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि वर कागद होते. आज मावशी आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला कापडाची चिंधी गुंडाळलेली होती. विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, काच लागली. कुठली, हे त्यांनी सांगितले नाही; त्या दिवशी त्यांनी कितीतरी घरांच्या पिशव्या उघडल्या असतील. ती आमचीच होती असे मी खात्रीने म्हणू शकत नाही, परंतु आमच्या पिशवीत काच होती आणि ती आम्ही सांगितली नव्हती, एवढे खरे आहे. मी ते त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “सांगितलंस ते बरं केलंस. पुढच्या वेळी कागदात बांध आणि माझ्या हातात दे.” धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यासाठी मी त्यांच्याबरोबर जवळच्या दवाखान्यात गेले.

आतापर्यंतच्या नोंदींत मी कचऱ्याचे वजन आमच्या दारापर्यंतच मोजत होते. त्यानंतर तो कोणाच्या तरी हातात जातो आणि तो हात उघडा असतो. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले होते, तसेच सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून द्यावा असेही सांगितले होते. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. आज रात्री चौघींनी बसून खोलीचा नियम केला. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे मावशींना न उघडता कळेल. काच, ब्लेड आणि सुई पत्र्याच्या डब्यात साठवायची आणि डबा भरला की सांगून हातात द्यायची. लाल पेन मोरीच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवले आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

बादलीत अळ्या झाल्या आहेत. सकाळी झाकण उघडताच माझी मैत्रीण किंचाळली. बोटाच्या पेराएवढ्या लांब, चपट्या, मातकट रंगाच्या, अंगावर आडवे वळे असलेल्या शेकडो अळ्या वरच्या थरात वळवळत होत्या आणि कान दिल्यावर कागद चुरगाळल्यासारखा बारीक आवाज येत होता. तीन अळ्या बाटलीत घालून प्राणिशास्त्राच्या सरांना दाखवल्या. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या निघाल्या. ही घरमाशी नव्हे. तिची प्रौढ माशी चावत नाही, अन्नावर बसून रोग पसरवत नाही आणि अळी मात्र ओला कचरा फार वेगाने फस्त करते. त्यांना मारायचे काही कारण नाही, केवळ कोरडा थर वाढवायचा आणि झाकण नीट बसवायचे, असा सल्ला सरांनी दिला. प्रयोगशाळेतील थर्मामीटर बादलीच्या मधोमध खुपसून पाहिला : आत ४१ अंश, बाहेर २६ अंश. वास नाही. काकूंना बोलावून दाखवले. अळ्यांकडे त्यांनी पाहिले नाही, पण वास गेल्याचे त्यांनी मान्य केले.

२६ ऑगस्ट, सोमवार

हा आठवडा पाण्याचा. मोरीतला नळ आम्ही आल्यापासून ठिबकतो आहे. त्याखाली एक लिटरची बाटली लावली आणि घड्याळ पाहिले : ३८ मिनिटांत ती भरली. म्हणजे दिवसाला साधारण ३८ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा देशात वापरला जाणारा सर्वसाधारण निकष आहे; त्याच्या पावपटीहून अधिक पाणी एकट्या ठिबकण्यात चालले होते. मुख्य कॉक बंद करून नळाचा वायसर बदलला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तो पाच रुपयांना मिळाला आणि काम दहा मिनिटांचे होते. वर्षभर तो आवाज ऐकत आम्ही झोपत होतो.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मजल्यावर सर्वांसाठी आरओ यंत्र बसवलेले आहे आणि त्याची नको असलेल्या पाण्याची नळी थेट मोरीत सोडली आहे. एक लिटर शुद्ध पाणी येईपर्यंत त्या नळीतून किती येते हे मापून पाहिले : २.४ लिटर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, मागून आणला. नळाचे पाणी ९६, यंत्रातून आलेले १८ आणि टाकून दिले जाणारे १२८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. म्हणजे आम्ही ज्याला ‘खराब’ म्हणून मोरीत सोडत होतो, ते पाणीही क्षारांच्या दृष्टीने मर्यादेच्या कितीतरी आत आहे.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येणारे पाणी सह्याद्रीतल्या पावसाचे आहे. ते मुळातच मऊ असते आणि आरओची गरज खाऱ्या बोअरच्या पाण्याला असते. अर्थात टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, आणि पूर आल्यापासून नळाला गढूळ पाणी आले की उकळून पिणेच योग्य आहे. यंत्र काढून टाकणे आमच्या हातात नाही, कारण ते घरमालकांचे आहे. त्यामुळे त्या नळीखाली आम्ही वीस लिटरचा कॅन ठेवला असून मजल्यावरच्या आठही जणींनी त्यातले पाणी फरशी पुसायला, मोरी धुवायला आणि कपड्यांच्या पहिल्या पिळ्याला वापरायचे आहे. रोज साधारण वीस लिटर पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी जाते, म्हणजे ४८ लिटर पाणी साठायला हवे. काल तीन वेळा कॅन भरला, पण तिसऱ्या वेळी कोणी रिकामा केला नाही आणि तो वाहून गेला.

४ सप्टेंबर, बुधवार

वीज. आमच्या खोलीला स्वतंत्र सबमीटर आहे, त्यामुळे मोजणे सोपे गेले. कपाटाच्या दारावर गेल्या वर्षापासून ‘मोबाइलचा चार्जर काढून ठेवा’ अशी चिठ्ठी आहे आणि ती मीच लिहिली होती. हिशेब केला : एक फोन पूर्ण चार्ज व्हायला साधारण २५ वॉट-तास लागतात, म्हणजे चाळीस वेळा चार्ज केल्यावर एक युनिट होते. याउलट आंघोळीच्या पाण्यासाठी वापरायचा दीड हजार वॉटचा रॉड आम्ही बादलीत टाकतो आणि कोणी ना कोणी विसरते. घड्याळ लावून पाहिले तर सरासरी २८ मिनिटे तो चालू असतो. त्यात ०.७ युनिट जाते. एका बादलीत अठ्ठावीस वेळा फोन चार्ज होईल एवढी वीज.

पंधरा लिटर पाणी २४ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला ०.४५ युनिट पुरते. शिवाय त्यात पुन्हा गार पाणी घालावेच लागते. आता अर्धी बादली तापवायची, चौदा मिनिटांचा गजर लावायचा आणि रॉड काढल्यावरच मोरीचे दार लावायचे, अशी पद्धत केली आहे. चौघींचे मिळून दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२ युनिट वाचतील. देशाच्या ग्रीडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा ही बचत २९ किलोची आहे. आमच्यापैकी एक स्कूटरने रोज दहा किलोमीटर ये-जा करते. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि तिची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते; चोवीस दिवसांचे तिचे साधारण बारा किलो होतात. तिच्या स्कूटरवर आम्ही तिला नेहमी बोलत असू. आमच्या गरम पाण्याचा निव्वळ विसरभोळेपणा तिच्या स्कूटरच्या दुपटीहून जास्त होता. मी तिची क्षमा मागितली आणि चिठ्ठी बदलली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काकूंच्या घरच्या गौरी-गणपतीचे विसर्जन झाले. त्यांची मूर्ती दरवर्षी शाडूची असते आणि ती घरीच बादलीत विसर्जित करतात. माती तळाशी बसली की वाळवून पुढच्या वर्षी मूर्तिकाराला परत देतात. शेजारच्या बिऱ्हाडात प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती होती. त्यांनी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती ठेवली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेली ही पद्धत आहे. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी साका बसतो आणि वर उरणारे अमोनियम सल्फेटचे पाणी झाडांना खत म्हणून चालते. या पाण्याचा वास उग्र असतो, त्यामुळे बादली गच्चीवर नेली.

निर्माल्य काकूंनी आपण होऊन माझ्याकडे आणून दिले : झेंडू, दुर्वा, केवड्याची पाने, आघाडा. दोरे आणि जरीचे तुकडे निवडून काढण्यात एक तास गेला. केवडा दाताळ आणि चिवट आहे. तो बारीक कापूनच घातला.

१५ सप्टेंबर, रविवार

पहिली बादली भरली. आता तिच्यात नवे काही घालायचे नाही, फक्त हलवायचे. दुसरी बादली सुरू केली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो गेल्या रविवारी सुरू झाली. पिंपरीच्या सर्वेक्षणासाठी आज मंडई स्थानकातून गेलो. एरवी दोन बस बदलाव्या लागत. रोजचे कॉलेज चालण्याच्या अंतरावर असल्याने प्रवासाबाबत माझ्याकडे याहून अधिक नोंदवण्यासारखे नाही.

कापडी पिशव्या मोजल्या. चौघींकडे मिळून एकोणीस निघाल्या, बहुतेक कार्यक्रमांतून आणि दुकानांतून फुकट मिळालेल्या, त्यातल्या अकरा कधीच न वापरलेल्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी ठरण्यासाठी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवणे, सूत काढणे आणि विणणे या सगळ्याला पाणी आणि ऊर्जा लागते. म्हणून पिशवी कापडाची आहे एवढे पुरेसे नाही, तीच पिशवी रोज न्यायला हवी. प्रत्येकीने एक पिशवी दप्तरात कायमची ठेवली आणि उरलेल्या पंधरा मंडईतल्या आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना दिल्या. पिशवी विसरून आलेल्या गिऱ्हाइकांना त्या देणार आहेत. या सत्रात नवी पिशवी कोणी फुकट दिली तरी घ्यायची नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिली बादली चाळली. सहा आठवड्यांत तिच्यात साधारण तेवीस किलो ओला कचरा गेला होता आणि नंतर पाच आठवडे ती मुरत होती. चाळणीखाली ५.४ किलो खत मिळाले. काळपट, भुसभुशीत, हाताला न चिकटणारे. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. चाळणीवर १.२ किलो जाडाभरडा माल राहिला, त्यात केवड्याची पाने जशीच्या तशी होती, अंड्याची टरफले होती आणि आंब्याची एक कोय होती जी आमच्यापैकी कोणीच टाकलेली आठवत नाही. तो सगळा दुसऱ्या बादलीत विरजण म्हणून घातला. काकूंनी दोन किलो खत तुळशीसाठी आणि जास्वंदीसाठी मागून घेतले. गच्चीवर कुंड्या ठेवायला त्यांनी परवानगी दिली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीसाठी दहा दिवस खोली बंद होती. परत आल्यावर दुसरी बादली वरून कोरडी पडलेली होती. पाणी शिंपडून हलवली. आरओच्या कॅनचा प्रश्न सुटला आहे. शेजारच्या खोलीतल्या मुलींनी कॅनला दोरीने तांब्या बांधला आणि भिंतीवर पाळीचा तक्ता लावला. तो आम्ही लावला नव्हता, म्हणून मला त्याचे विशेष समाधान वाटते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेवटच्या आठवड्याचे वजन : ओला कचरा ३.४ किलो, आणि तो सगळा बादलीत. सुका कचरा १.३ किलो, धुतलेला आणि निवडलेला. सॅनिटरी आणि विकला न जाणारा कचरा ०.५ किलो.

हा तिसरा आकडा साडेचार महिन्यांत जवळजवळ हललेला नाही. त्यातला एक भाग वेफर्स आणि बिस्किटांच्या पाकिटांचा आहे; परीक्षेच्या दिवसांत रात्री भूक लागते आणि ती पाकिटेच हाताशी असतात. आम्ही चुरमुऱ्याचा आणि शेंगदाण्याचा डबा भरून ठेवायला सुरुवात केली आहे, परंतु त्याचा परिणाम वजनात दिसायला आणखी काही आठवडे लागतील. दुसरा भाग सॅनिटरी पॅडचा. एकीने कापडी पॅड वापरून पाहिले आहेत. ते धुऊन उन्हात वाळवावे लागतात आणि आमच्या गॅलरीत दोन बिऱ्हाडांचा वावर असतो, तेव्हा ते कुठे वाळवायचे हा प्रश्न खरा आहे. ज्याची त्याची शरीराची सोय आणि संकोच असतो, म्हणून या बाबतीत कोणावरही खोलीचा नियम लादायचा नाही असे आम्ही ठरवले.

मॅडमना अहवाल दाखवला. त्यांनी विचारले, मावशींच्या बाजूने काय बदलले ते कुठे आहे? ते मी मोजले नव्हते. आज सकाळी मावशींना विचारले. आमच्या मजल्याचा कचरा निवडायला पूर्वी लागायचा त्याच्या निम्माच वेळ लागतो, असे त्या म्हणाल्या. आणि वरच्या मजल्यावर अजून काच पिशवीतच येते, तेव्हा तिथे तूच जाऊन सांग, असेही म्हणाल्या. संध्याकाळी लाल पेन आणि पत्र्याचे दोन रिकामे डबे घेऊन वरच्या मजल्यावर जाऊन आले. तीन खोल्यांपैकी दोन उघड्या होत्या. तिसरीत उद्या सकाळी सातच्या आत जायचे आहे.